सेट घेताना आधी फिल्टर, मग वॅट

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : हौशी रेडिओ

या वेळी आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : आपला रिपीटर (आपलं बोलणं झेलून पुन्हा दूरवर पाठवणारं यंत्र) नॅरोबँड, म्हणजे अरुंद चॅनेलवर चालणारा आहे, मग सेट कोणता घ्यायचा? म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा देते. बाकीच्यांनीही ते उत्तर वाचावं, कारण त्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कासारवडवलीला राहतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना नुकताच हातात आला, व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतली माझी ओळख, मिळाला. आमच्या ग्रुपचा डोंगरावरचा टू-मीटरचा रिपीटर नॅरोवर, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झवर चालतो. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, दोन-तीन हजारांतला ५ वॅटचा नवा हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट. दुसरा, मामांकडे पडून असलेला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा ५० वॅटचा जपानी मोबाईल (गाडीत बसवायचा) सेट, तोही फुकट. सगळे म्हणतात ५० वॅट सोडू नकोस. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन. सेट घ्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रं पैसे मोजून झाल्यावर येतात.

वॅटचा विषय जरा बाजूला ठेवा. एफएममध्ये आपण बोलतो तेव्हा आपली लहर मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना झुलते. या झुलण्याला डेव्हिएशन म्हणतात. वाइडमध्ये, म्हणजे रुंद चॅनेलवर, ते एका बाजूला ५ किलोहर्ट्झपर्यंत जातं, नॅरोमध्ये २.५ पर्यंत. त्यात आवाजाचे साधारण ३ किलोहर्ट्झ मिळवा आणि दुप्पट करा. वाइडला १६ किलोहर्ट्झ जागा लागते, नॅरोला ११. आपल्याकडे टू-मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. २५ किलोहर्ट्झच्या अंतराने त्यात ८० चॅनेल बसतात, १२.५ च्या अंतराने १६०. त्याशिवाय अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून १५० ते १७४ मेगाहर्ट्झमधल्या व्यावसायिक परवान्यांना १२.५ ची सक्ती झाली. हौशी बँडला ती नव्हती, पण हौशी मंडळी रिपीटर उभा करतात तो बऱ्याचदा व्यावसायिक सेटमधूनच, त्यामुळे नॅरो आपल्याही दारात आलं.

आता वाइडवर ठेवलेला सेट नॅरो रिपीटरवर बोलू लागला की काय होतं? चाळीच्या अरुंद जिन्यातून मोठं कपाट चढवलंत तर कोपरे घासतात, तसं. तुम्ही हळू बोलता तेव्हा सगळं नीट जातं. आवाज चढला की लहर रिपीटरच्या फिल्टरबाहेर पडते, शब्दाचा नेमका जोराचा भाग फाटतो, कधी स्क्वेल्च (सिग्नल नसला की आवाज अडवणारं दार) मिटूनच जातं. समोरचा म्हणतो, 'नीट ऐकू येत नाही.' माणूस स्वभावानुसार आणखी मोठ्याने बोलतो आणि आणखी तुटतो.

हे मी स्वतः केलेलं आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी सरावाचं नेट होतं, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर एकत्र यायचं. मी नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवर पत्र्याखाली उभी होते, हातात नवा हँडी, कागदावर लिहिलेला निरोप : पाण्याचे पन्नास कॅन, शाळेच्या मागच्या गेटने पाठवा. पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून मी आवाज चढवला. पलीकडे वहीत उतरलं 'पाच कॅन'. 'पन्नास' म्हणताना जो जोर दिला तिथेच आवाज तुटला होता. मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा जोर देऊन, आणि तिन्ही वेळा तेच. शेवटी 'पाच शून्य' असं एकेक आकडा, हळू, सांगितल्यावर जमलं. नंतर पाहिलं तर चॅनेल मेमरीत साठवताना वाइडवर राहिला होता. सराव होता म्हणून निभावलं. पण २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला पाच आणि पन्नास यांतला फरक सांगावा लागत नाही. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवशी वायरलेसवरचा आकडा चुकला तर चूक दुरुस्त करायला कुणी जाऊ शकत नाही. म्हणून मी या विषयावर इतकी अडून बसते.

आता मामांचा सेट. कुणा जाणकाराला सोबत घ्या, वीज तोडा आणि खालचं झाकण उघडा. आत ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर शोधा. बोटाच्या पेराएवढी, बहुधा काळ्या प्लास्टिकची चौकोनी डबी असते आणि पाठीवर बारीक अक्षरांत नंबर असतो. मी कारखान्यात सेट जुळवण्याच्या बाकावर अठ्ठावीस वर्षं काढली, ती डबी अजूनही डोळे मिटून सापडते. तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते नंबराच्या आकड्यानंतरचं इंग्रजी अक्षर. मुराटाच्या फिल्टरवर 'ई' असेल तर तो मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना साडेसात किलोहर्ट्झ सोडतो. 'एफ' असेल तर सहा, 'जी' असेल तर साडेचार. त्या काळच्या हौशी सेटमध्ये एकच फिल्टर असायचा, आणि तो बहुधा 'ई'. म्हणजे सेट जन्मतःच वाइड. तो नॅरो रिपीटर ऐकेल, पण आवाज निम्मा येईल, तुम्ही व्हॉल्यूम वाढवाल, सोबत खरखर वाढेल आणि शेजारच्या चॅनेलचं बोलणंही आत शिरेल.

यात एक फसवी जागा आहे. काही सेटच्या मेनूत 'हाफ डेव्हिएशन' असं काहीतरी असतं. ते फक्त तुमच्या बोलण्याचं डेव्हिएशन निम्मं करतं. ऐकण्याच्या बाजूचा फिल्टर वाइडचाच राहतो. विकणारा 'नॅरो आहे' म्हणतो आणि ते खोटंही नसतं, फक्त अर्धं असतं. खरा नॅरो सेट दोन्ही बाजूंनी बदलतो. बोलण्याचं डेव्हिएशनही कमी होतं आणि ऐकण्याचा फिल्टरही अरुंद होतो. दुकानात प्रश्न विचारायचा तो हाच : 'रिसीव्हचा फिल्टर बदलतो का?'

उत्तर आलं नाही तर स्वतः तपासा. ग्रुपमधल्या कुणाला तरी एखाद्या मोकळ्या सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायच्या) फ्रिक्वेन्सीवर, नॅरोवर, लो पॉवरने बोलायला सांगा. दोन सेट शेजारीशेजारी ठेवू नका, मध्ये दोन-चार मजले तरी असू द्या. तुम्ही तुमचा सेट नॅरोवर लावा, स्टेप अडीच किलोहर्ट्झची करा आणि एकेक पायरी बाजूला सरका. अडीचवर आवाज थोडा खरबरीत होतो, पाचवर फाटतो, साडेसातला जवळपास संपतो. मग तेच वाइडवर लावून करा, आता जास्त पायऱ्यांपर्यंत ऐकू आलं पाहिजे. दोन्ही वेळा आवाज सारख्याच पायरीला गेला तर फिल्टर बदलत नाही, मेनूत काहीही लिहिलेलं असो. दहा मिनिटांचं काम आहे आणि यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

हँडी घेतलात तर आणखी तीन गोष्टी.

मेनूत वाइड-नॅरो वेगळं असतं. बाओफेंगच्या यूव्ही-५आरवर तो ५ नंबरचा मेनू आहे. आयकॉमच्या सेटवर 'एफएम-एन' असा मोड दिसतो. ही निवड प्रत्येक मेमरी चॅनेलसोबत साठवली जाते. बऱ्याच स्वस्त सेटमध्ये चॅनेल उघडून मेनू बदललात तरी तो बदल टिकत नाही. चॅनेल पुसून, सगळं नीट लावून, पुन्हा साठवावा लागतो. माझं नेमकं तेच राहिलं होतं.

दुसरं स्टेपचं. नॅरो रिपीटरची फ्रिक्वेन्सी पुष्कळदा साडेबाराच्या पटीत असते. समजा १४५.७१२५. सेट फक्त ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्या घेत असेल तर तो १४५.७१० वर थांबेल नाहीतर १४५.७१५ वर. अडीच किलोहर्ट्झचा फरक वाइडमध्ये खपून जायचा, नॅरोमध्ये खपत नाही. जुन्या सेटचा क्रिस्टल वयाने सरकलेला असेल तर याच कारणासाठी तोही त्रास देतो.

तिसरी गोष्ट परवान्याची आहे, ती नीट वाचा. टू-मीटरवर रिपीटरचं अंतर ६०० किलोहर्ट्झ असतं आणि वरच्या उदाहरणात ते वजा आहे. ऐकायचं १४५.७१२५ वर, बोलायचं १४५.११२५ वर. चुकून अधिकचं चिन्ह लागलं तर तुम्ही १४६.३१२५ वर बोलाल. भारतात आपला बँड १४६ ला संपतो. पुढे दुसऱ्यांच्या सेवा आहेत. हँडी १३६ ते १७४ सगळीकडे बोलायला तयार असतो, तो तुम्हाला अडवणार नाही. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबण्याआधी स्क्रीनवर बोलण्याची फ्रिक्वेन्सी डोळ्यांनी पाहा.

तर माझं मत : वरच्या परीक्षेत उतरला तर हँडीच घ्या. कासारवडवलीहून रिपीटरचा डोंगर दिसत असेल तर ५ वॅट भरपूर झाले. दिसत नसेल, मध्ये येऊरची रांग किंवा तीस मजली टॉवर असेल, तर ५० वॅटनेही फार फरक पडणार नाही, त्यापेक्षा अँटेना गच्चीवर गेली तर पडेल. शिवाय ५० वॅटला १३.८ व्होल्टवर दहा-बारा अँपिअर देणारा पॉवर सप्लाय लागतो, तो काही मामांकडून फुकट येणार नाही. पुढे मोबाईल सेट घ्यावासा वाटला तर दोन्ही रुंदी असलेलाच घ्या. आयकॉम आयसी-२३००एच किंवा केनवुड टीएम-२८१ए यांच्यासारख्या एकबँडी सेटमध्ये ती सोय आहे.

आणि मामांचा सेट भंगारात देऊ नका. फिल्टर बदलून 'जी' टाकता येतो, डेव्हिएशनचा प्रीसेट कमी करता येतो, पण मग तो वाइडच्या कामाचा राहत नाही. त्याला आहे तसाच ठेवा. अशा सेटचा समोरचा भाग, अँटेनाकडून येणारे नको ते सिग्नल गाळणारा, आजच्या एका चिपवर चालणाऱ्या हँडीपेक्षा कितीतरी दणकट असतो. सिम्प्लेक्सवर, वाइडमध्ये, तो तुम्हाला अजून वीस वर्षं साथ देईल.

प्रश्न : नेरुळहून लिहितो आहे. एका कंपनीने टाकून दिलेला मोटोरोलाचा जीएम-३०० मला स्वस्तात मिळतोय. व्यावसायिक सेट आहे म्हणजे नॅरो असेलच ना?

उत्तर : असेलच असं नाही. जीएम-३०० त्या काळातला आहे जेव्हा रुंदी सेटसोबत ठरूनच यायची. १२.५ चा वेगळा, २५ चा वेगळा. मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर पूर्ण उतरवून घ्या आणि त्यावरून शोधा. त्याहून आधी बँड तपासा. या सेटचे व्हीएचएफ प्रकार १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ असे निघाले आहेत. दुसरा प्रकार हाती लागला तर तो आपल्या १४४–१४६ च्या दाराबाहेरच उभा राहतो. चॅनेल भरायला केबल, जुनं डॉसवरचं सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा तितकाच जुना संगणक लागतो. हे सगळं करून देणारा कुणी ओळखीचा असेल तर जरूर घ्या, यंत्र म्हणून तो फार सच्चा आहे. नसेल तर लोभ आवरा. आणि त्यात आधीच्या कंपनीचे चॅनेल भरलेले असतील. ते पुसल्याशिवाय पीटीटीला हातही लावू नका.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, 'नॅरो म्हणजेच डिजिटल, डीएमआर घ्या.' खरं आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. डीएमआर ही डिजिटल बोलण्याची एक पद्धत आहे, ती १२.५ किलोहर्ट्झमध्ये बसते हे खरं, पण तुमचा रिपीटर साधा एफएम असेल तर डिजिटल बोलणं त्याला नुसती घरघर वाटेल. मात्र डीएमआर सेट ॲनालॉगवरही चालतात, आणि तिथे १२.५ ची रुंदी त्यांच्या हाडात असते, त्यामुळे साध्या नॅरो रिपीटरसाठीही तो चांगला सेट ठरतो. डिजिटलचे जादा पैसे द्यायचे की नाही हे ग्रुपमध्ये डिजिटल रिपीटर आहे का ते पाहून ठरवा.

प्रश्न : ताई, मी पनवेलला अकरावीत आहे. काकांकडे परवाना आहे. आम्ही रिपीटरसाठी हँडी नॅरोवर लावला. त्याच सेटवर अंतराळ स्थानक जाताना १४५.८०० वर ऐकलं तर आवाज आला, पण फाटका. सेट बिघडला का?

उत्तर : नाही रे, सेट ठीक आहे. उलट तुझ्या सेटचा फिल्टर खरोखर अरुंद आहे याचा हा पुरावा समज. स्थानक वाइडमध्ये बोलतं. शिवाय ते इतक्या वेगाने जातं की येताना फ्रिक्वेन्सी साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर वाटते आणि जाताना तेवढीच खाली. नॅरो फिल्टरमध्ये साडेतीनचं सरकणं म्हणजे आवाज भिंतीला घासणारच. यासाठी वेगळा चॅनेल साठव : १४५.८००, वाइड, फक्त ऐकण्यासाठी. स्टेप ५ ठेवून आणखी दोन साठव. येताना १४५.८०५, डोक्यावर असताना १४५.८००, जाताना १४५.७९५. गच्चीवर जा आणि हँडी थोडा तिरपा धरून बघ, आवाज कमीजास्त होईल. कोणत्या तिरपेपणाला जास्त येतो ते वहीत लिहून मला कळव, मला वाचायला आवडेल.

प्रश्न : आम्ही ऐरोलीला चौथ्या मजल्यावर राहतो. नॅरो सेट आहे, रिपीटर उघडणारा टोनही बरोबर लावला आहे, तरी रिपीटर कधी उघडतो, कधी नाही. सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देत नाही. यजमान म्हणतात सेट बदलू या.

उत्तर : सेट बदलू नका, अजून तरी. टोन पुन्हा एकदा आकडा वाचून तपासा. ८८.५ आणि ९१.५ यादीत शेजारी असतात, बोट एक पायरी पुढे गेलं की रिपीटर गप्प. नॅरोमध्ये टोनलाही जागा कमी मिळते. वाइडला सातशे हर्ट्झच्या आसपास डेव्हिएशन असलेला टोन नॅरोला साडेतीनशेवर येतो. सिग्नल कमकुवत असेल तर रिपीटरला तो पुसट ऐकू येतो आणि मग तुम्ही सांगता तसं होतं, कधी उघडतो, कधी नाही. म्हणजे दुखणं बहुतेक सिग्नलचं आहे.

हँडीची रबरी अँटेना काढा. खिडकीच्या ग्रिलवर, पारसिकच्या डोंगराच्या बाजूची असेल तर उत्तमच, पाव लहरीची तार उभी करा. १४५ मेगाहर्ट्झला तिची लांबी साधारण ४९ सेंटिमीटर. खाली तेवढ्याच लांबीच्या चार तारा तिरप्या सोडा. अँटेनापासून सेटपर्यंतची कोॲक्स केबल जितकी लागेल तितकीच घ्या. पंधरा मीटर आरजी-५८ मध्ये जवळपास निम्मी शक्ती केबलमध्येच मुरते, चार मीटरमध्ये ते जाणवणारही नाही. ग्रिल शेजाऱ्यांच्या गॅलरीपासून दूर आहे ना ते पाहा, आणि वीज कडाडायला लागली की केबल सेटपासून काढून ठेवा.

सोसायटीचं म्हणाल तर भांडू नका. पुढच्या सरावाच्या दिवशी सेक्रेटरींना घरी बोलावा, चहा करा आणि खिडकीतल्या त्या तारेवरून त्यांना बदलापूरचं किंवा अलिबागचं कुणी बोलताना ऐकवा. आमच्या इमारतीत परवानगी अशीच मिळाली. सेक्रेटरी स्वतः घरातून उतरून आले होते आणि जाताना विचारून गेले, वीज गेली तरी हे चालतं का? मी बॅटरी दाखवली. पुढच्या सभेत विषय त्यांनीच मांडला.